निअर मिसची वही कोरी का राहते? प्रेस शॉपमधल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते आधी मांडते, काही चुकत असेल तर सांगा. चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारं प्रेस शॉप, म्हणजे मशीनने पत्रा दाबून-कापून भाग काढायचा कारखाना, साधारण एकशेचाळीस माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराकडची. वर्षभरात दोन ऑपरेटरची बोटं गेली. दुसऱ्या अपघाताच्या वेळी प्रेसवरचा सेन्सर किल्ली फिरवून बायपास केलेला, म्हणजे बंद पाडलेला, निघाला. मालकांचं म्हणणं, पोरं निष्काळजी आहेत, ट्रेनिंग वाढवा. निअर मिसची वही, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात लिहायची वही, चार महिने कोरी. सुपरवायझर रोज आरडाओरडा करतो, आणि अपघात डोळ्यांदेखत पाहिलेला एक मुलगा झोप लागत नाही म्हणतो, सारख्या दांड्या मारतो. तुम्ही एचआरला आहात आणि विचारताय की सुरुवात मशीनपासून करू की माणसांपासून. प्लांट हेडचं मत असं की मानसिक वगैरे सगळं आयटीवाल्यांचं, आपण आधी गार्डिंग, म्हणजे मशीनवरची संरक्षक झाकणं-जाळ्या, बघू.

सुरुवात मशीनपासूनच करा, पण प्लांट हेड सांगतात त्या कारणासाठी नव्हे. तुमच्याकडे बायपासची किल्ली आणि सुपरवायझरचा आवाज एकाच साखळीत बसतात. किल्ली कुणीतरी टार्गेटच्या धाकाने फिरवली, फिरवलेली दहा जणांनी पाहिली, आणि त्याच धाकाने कुणी तोंड उघडलं नाही. मशीन सुधारून धाक तसाच ठेवलात तर नवं गार्डही महिन्याभरात निघून कोपऱ्यात पडेल. उलट माणसांना बसवून गोड बोललात आणि डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उघडीच ठेवलीत, तर तुमच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या मला इथून दिसत नाहीत. प्रेस कोणत्या क्लचची आहे, म्हणजे फिरत्या चाकाचा जोर तिच्यात कसा जोडला-तोडला जातो. टार्गेटचा आकडा कोण ठरवतं. ठेकेदाराच्या माणसाला गेटवरून परत पाठवायचा अधिकार प्रत्यक्षात कुणाकडे आहे. आणि मालक स्वतः शॉपवर फिरतात की केबिनमधून आकडे बघतात. शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण लहान कारखान्यात निम्मा फरक तिथेच पडतो.

आता मशीन. जरा तपशिलात जाते, कारण एचआरच्या माणसाला हे कुणी नीट सांगत नाही आणि मग मेंटेनन्सवाला जे म्हणेल ते खरं मानावं लागतं.

आपल्याकडच्या लहान शॉपमध्ये जुन्या सी-फ्रेम मेकॅनिकल प्रेस भरपूर असतात. त्यांतल्या बऱ्याच पिन क्लच किंवा रोलिंग की क्लचच्या. अशा प्रेसचं वैशिष्ट्य म्हणजे एकदा पेडल दाबून क्लच गुंतला की रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली येऊन पूर्ण फेरी मारूनच थांबतो. अर्ध्यात थांबवायची सोयच नसते. म्हणून अशा प्रेसवर सेन्सरचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत जाताच मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, लावणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली खोटी हमी. हात आत गेला हे सेन्सरला कळेल, पण कळून उपयोग काय? रॅम येणारच. तरीही ऑडिटला दाखवायला लावलेले असे कर्टन मी पाहिलेत. ऑपरेटर त्याच्या भरवशावर जास्तच बिनधास्त होतो, हा वरचा तोटा. त्यातून क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली की प्रेस पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक मारते. ऑपरेटर त्याला डबल मारते म्हणतात. पेडलवर पाय नव्हता असं जखमी कामगार सांगतो तेव्हा तो खोटं बोलतोय असं धरून चालू नका, आधी क्लच उघडून बघा.

या प्रेसना लागतं ते डायभोवतीचं पक्कं गार्ड, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. किंवा डायच अशी बनवायची की तिचं तोंड सहा मिलिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही. जिथे एक-एक पीस हाताने ठेवावाच लागतो तिथे इंटरलॉक असलेलं पुढचं गार्ड हवं, म्हणजे ते बंद झाल्याशिवाय क्लच गुंतणारच नाही. जोडीला स्लाइडवर पीस ठेवून आत ढकलायची सोय आणि चुंबकाचा चिमटा. फूट पेडल असेल तर त्यावर निदान झाकण हवं, म्हणजे वरून काही पडून किंवा चुकून पाय लागून स्ट्रोक बसणार नाही.

प्रेस न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लच-ब्रेकची असेल तर गोष्ट वेगळी. ती मधे थांबते, त्यामुळे लाइट कर्टन कामाचा आहे, फक्त तो योग्य अंतरावर हवा. हिशोब सोपा आहे. हात सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने आत जातो असं धरतात. सिग्नल मिळाल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन धोक्याच्या जागेपासून किमान ४०० मिलिमीटर लांब हवा. सेन्सरच्या किरणांमधली फट मोठी असेल तर त्याहूनही लांब. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि काल बरोबर असलेलं अंतर आज कमी पडतं. मेंटेनन्सला एवढंच विचारा: या प्रेसचा स्टॉपिंग टाइम शेवटचा कधी मोजला? उत्तरादाखल एकमेकांकडे बघणं सुरू झालं तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं.

आणि ती किल्ली. बायपास की स्विच डाय सेटिंगसाठी असतो, प्रॉडक्शनसाठी नाही. ती पॅनेलला लटकलेली असेल तर ती सगळ्यांची आहे. एकच किल्ली, एकाच जबाबदार माणसाकडे, घेतल्या-दिल्याची सहीनिशी नोंद, आणि बायपास चालू असताना प्रेस फक्त इंच मोडवर, म्हणजे थोडी-थोडी सरकत, चालेल अशी वायरिंग. शेवटची गोष्ट इलेक्ट्रिशियनकडून करून घेता येते. पहिल्या तीन तर उद्या सकाळी होतील.

हे झालं कसं थांबवायचं. पण किल्ली का फिरवली जाते?

मी नव्या शॉपमध्ये गेले की पहिला अर्धा तास कुणाला काही विचारत नाही. प्रेसच्या बाजूला उभी राहून नुसते हात बघते. डावा हात पीस ठेवून बाहेर यायच्या आधीच उजवा पाय पेडलवर टेकलेला असतो, कारण लय तशी बसलेली असते. चुंबकाचा चिमटा मशीनच्या कडेला खिळ्याला टांगलेला, त्यावर तेलकट धुळीचा थर, म्हणजे कित्येक आठवडे कुणी हात लावलेला नाही. दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागणारी टू-हॅंड बटणं असतील तर एकात लाकडाची पाचर मारलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली. ऑपरेटर पळवाट काढतोय असं यातून वाटतं. मग त्याच्यासमोरचा टार्गेटचा बोर्ड बघा.

समजा फूट पेडलवर एका पीसला सहा सेकंद लागतात. तासाला ६०० पीस. टू-हॅंड लावलं, चिमटा वापरला, की त्यात दीड सेकंद वाढला, साडेसात सेकंद झाले. तासाला ४८०. जेवण-चहा वगळून साडेसात तास धरले तर ४५०० विरुद्ध ३६००. आता बोर्डवर ४५०० च लिहिलेलं असेल, तर कंपनीने त्या माणसाला लेखी सांगितलंय की गार्ड काढ. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’चं पोस्टर असेल, पण संध्याकाळी त्याला कोणत्या आकड्याबद्दल झापलं जातं हे त्याला पोस्टरपेक्षा जास्त पक्कं ठाऊक आहे. म्हणून माझा आग्रह असतो की सायकल टाइम गार्ड लावून, चिमटा हातात देऊन पुन्हा मोजा आणि नवा आकडा बोर्डवर टाका. उरलेले नऊशे पीस कुठून आणायचे हा मालकांचा आणि प्लॅनिंगचा प्रश्न आहे. पीस आपोआप पुढे सरकवणारं ट्रान्सफर लावा, डायमध्ये एका स्ट्रोकला दोन पीस काढा, ऑपरेशन जोडून घ्या, नाहीतर ग्राहकाशी डिलिव्हरीचं बोला. ऑपरेटरने तो प्रश्न बोटांनी सोडवू नये.

मालक ‘पोरं निष्काळजी आहेत’ म्हणतात त्यालाही हाच हिशोब उत्तर म्हणून द्या. एका शिफ्टमध्ये साडेचार हजार वेळा हात डायपाशी जातो. महिन्याला लाखाच्या वर. तुम्ही, मी, खुद्द मालक, कुणीही लाख वेळा केलेल्या कामात एकदाही चुकणार नाही असं आहे का? माणसाचं लक्ष उडणार हे धरूनच मशीन बसवायचं असतं. ट्रेनिंग हवंच, पण धोका काढून टाकणं, पद्धत बदलणं, गार्ड लावणं या सगळ्यानंतर त्याचा नंबर लागतो, आणि हातमोजे-चष्मे त्याच्याही नंतर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो, कारण ट्रेनिंग स्वस्त पडतं आणि फोटो चांगले येतात.

आता सुपरवायझर. त्याला नोटीस द्यायची का, असं तुम्ही विचारलंय. आधी त्याच्यावर काय आहे ते बघा. ग्राहकाकडे लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीच्या वसुलीचा कागद, येते, ती कुणाच्या नावावर फाडली जाते? रोज सकाळच्या मीटिंगमध्ये तो उभा असतो की बसलेला? तुमच्याकडचे बरेच सुपरवायझर चांगले ऑपरेटर होते म्हणून वर आलेले असणार. माणसं कशी सांभाळायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि त्यांच्या सुपरवायझरने त्यांच्यावर जे केलं तेच ते पुढे करतात. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती मला शॉपवर वारंवार खरी ठरताना दिसते: कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा मात्र जवळजवळ शून्य, या जोडीने माणूस सगळ्यात जास्त पिचतो. तुमचा ऑपरेटर या चौकटीत बसतो हे उघड आहे. सुपरवायझरही बसतो. त्याला प्रेस थांबवायचा अधिकार कागदावर आहे, पण थांबवल्यावर त्याचं काय होतं?

म्हणून त्याच्याशी बोलायची सुरुवात मी वर्तणुकीपासून करत नाही. प्लांट हेडना सोबत घेऊन त्याला लेखी सांगायचं की गार्ड नसेल किंवा क्लच डबल मारत असेल तर प्रेस तू थांबवायचीस, आणि त्या दिवशीचा तुटीचा आकडा तुझ्या नावावर लागणार नाही. पुढच्या महिन्यात तो खरंच एखादी प्रेस थांबवेल तेव्हा सगळं शॉप बघत असेल. त्या दिवशी प्लांट हेड काय बोलतात त्यावर तुमचा पुढचा सगळा कार्यक्रम तरेल किंवा बुडेल.

एवढं झाल्यावरही एक रेघ ओढावी लागते. चढ्या आवाजात ‘हात काढ’ ओरडणं वेगळं, प्रेसच्या आवाजात ते गरजेचंही असतं. आईबहिणीवरून शिव्या, जातीवरून-गावावरून बोलणं, चुकलेला पीस सगळ्यांसमोर अंगावर फेकणं, लघवीला जाऊ न देणं, हे कामाचा ताण म्हणून खपवून घ्यायचं नाही. हे पुन्हा झालं तर काय होईल ते आधी सांगा आणि झालं की ते करा, तो कितीही चांगलं प्रॉडक्शन काढत असला तरी. बायकांच्या बाबतीत लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती या सगळ्यात मिसळू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी, तक्रार तिच्याकडेच जाते.

प्लांट हेडना पटवायला एक बाब हाताशी ठेवा. व्यावसायिक सुरक्षेचं आयएसओ ४५००१ हे मानक २०१८ मध्ये आलं, आणि त्याला जोडून २०२१ मध्ये मानसिक धोक्यांसाठी ४५००३ हे मार्गदर्शक मानक. त्यात कामाचा बोजा, कोणाचं ऐकायचं हे स्पष्ट नसणं, दमदाटी, या गोष्टी कामातलेच धोके म्हणून घेतल्यात, आणि त्यात ऑफिस आणि कारखाना असा भेद नाही. मोठे ग्राहक ऑडिटला ४५००१ विचारतातच, तिथून विषय काढला की तो ‘आयटीवाल्यांचा’ राहत नाही.

आता वही. चार महिने कोरी वही म्हणजे चार महिने काही झालं नाही असा अर्थ कधीच नसतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त दिसल्या. त्या जास्त चुकत नव्हत्या, त्या चुका लपवत नव्हत्या. पुढे १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधामुळे ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ हा शब्द चर्चेत आला. आपल्या भाषेत, वरच्याला वाईट बातमी सांगितली तर आपलं वाईट होणार नाही एवढी खात्री. ही खात्री नसेल तर वही सोन्याच्या कागदाची ठेवा, कोरीच राहील.

ठेकेदाराचा हेल्पर का लिहीत नाही ते बघा. एक, लिहिलं तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढं एक वाक्य पुरतं. दोन, वही मराठी-इंग्रजीत आणि तो ओडिशाचा किंवा बिहारचा. तीन, ‘नाव गुप्त राहील’ म्हणता, पण एकशेचाळीस माणसांत कुणाचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? चार, मागच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं आणि काही झालं नाही. मला चौथं कारण सगळ्यात जड वाटतं. भीती हळूहळू कमी करता येते. ‘सांगून काय उपयोग’ हे एकदा मनात बसलं की निघत नाही.

म्हणून पेटी-वहीवर वेळ घालवू नका. शिफ्ट सुरू होताना प्रेसजवळ उभ्याउभ्या पाच मिनिटं, आणि एकच प्रश्न: काल कुठे हात वाचला? हिंदीत विचारा, उत्तर कुणी कोणत्याही भाषेत देऊ दे, तुम्ही लिहून घ्या. पहिले काही दिवस शांतता असेल. मग कुणीतरी एखादी साधी गोष्ट सांगेल, बहुधा तुमची परीक्षा बघायला. पेडलचं झाकण सैल आहे, तेल गळून पाय घसरतो, असलं काहीतरी. ते त्याच शिफ्टमध्ये दुरुस्त झालं पाहिजे, फिटरला ओव्हरटाइम द्यावा लागला तरी. ‘मेंटेनन्सला कळवलंय’ हे उत्तर चालणार नाही. आणि ‘कुणी केलं’ असं विचारू नका. ‘काय झालं, आणि पुन्हा कसं होऊ शकतं’ असं विचारा.

‘अपघातमुक्त दिवस’चा बोर्ड आणि त्यावर बक्षीस असेल तर ते आधी बंद करा. बोट चेपलं तरी रुमाल गुंडाळून काम करायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसवायचं, कारण सगळ्यांचं बक्षीस जाईल, असा त्याचा परिणाम होतो. बक्षीस द्यायचंच तर सांगितलेल्या धोक्याला द्या.

शिक्षा अजिबात नको असं मी म्हणत नाही. टार्गेट दुरुस्त झालं, गार्ड वापरता येण्यासारखं झालं, कुणाचा दबाव नाही, आणि तरी एखादा माणूस सहकाऱ्याच्या प्रेसचं गार्ड मजेत काढतो, तर कारवाई करा. पण त्याआधीची तीन कामं झाली असतील तरच.

आता तो मुलगा. तुमच्या प्रश्नात तो शेवटच्या दोन ओळींत आलाय, माझ्या दृष्टीने त्याच्याशी उद्याच बोलायला हवं. सोबत्याचं बोट जाताना पाहिलं, आणि मला वाटतं तासाभरात मशीन पुसून प्रॉडक्शन सुरू झालं असणार, बहुतेक शॉपमध्ये तसंच होतं. झोप न लागणं, प्रेसच्या आवाजाला दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, मशीन टाळणं, हे अशा प्रसंगानंतर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही तसंच असेल तर डॉक्टरांकडे न्यायला हवं. तुमच्या वर्णनावरून महिना होऊन गेलाय.

त्याला केबिनमध्ये बोलावून समुपदेशन करू नका. चहाला घेऊन जा, ‘त्या दिवसापासून कसं चाललंय’ विचारा, आणि सांगेल तेवढंच ऐका. त्या दिवशीचं सगळं पुन्हा सांगायला लावू नका, त्याने बरं वाटतंच असं नाही. सध्या त्याला प्रेसवरून काढून पॅकिंग किंवा इन्स्पेक्शनला द्या, पगार तोच ठेवून, आणि ही शिक्षा नाही हे त्याच्यासमोर सुपरवायझरला सांगा. हे दयेपोटी नाही. रात्रभर न झोपलेला माणूस उघड्या प्रेससमोर उभा करणं हा तिसऱ्या अपघाताचा रस्ता आहे. दांड्यांचा मेमो तूर्त थांबवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, फुकट आहे, नंबर त्याच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यातून मानसोपचाराकडे रेफर करून घेता येतं. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला तर त्याला एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्याने सांगितलेलं फाइलमध्ये जाणार नाही याची काळजी घ्या. एकदा ते शॉपवर फुटलं की पुढची दहा माणसं तुमच्याशी बोलणार नाहीत. आणि ज्याची बोटं गेली तो कामावर परत येईल तेव्हा त्याला त्याच प्रेसवर उभं करून ‘बघा, हा पण करतोय’ असं कृपा करून करू नका. मी हे पाहिलंय.

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे चालढकल झाली तर तुमच्याच अंगाशी येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. सेफ्टी ऑफिसर नेमायची मर्यादा हजार कामगारांवरून पाचशेवर आली, घातक प्रक्रिया असेल तर अडीचशेवर. म्हणजे तुमच्या एकशेचाळीसच्या शॉपला तो अजूनही सक्तीचा नाही, पण अपघात कळवणं सक्तीचं आहे. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर नोटीस द्यावीच लागते, पूर्वीही होती, आताही आहे. आपल्याकडे ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. जिवाला किंवा अवयवाला तातडीचा धोका दिसला तर ते मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क संहितेने कामगाराला दिलाय. हे तुमच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, एकदा स्वच्छ शब्दांत सांगा.

ईएसआय मात्र आजच तपासा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाची नोंदणी कामाला लागल्याबरोबर झालेली हवी, ठेकेदाराच्या माणसांची सुद्धा, आणि ती झाली की नाही हे तपासणं मुख्य मालक म्हणून तुमच्या कंपनीचं काम आहे. कामावरच्या दुखापतीत ईएसआय सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के देतं, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात दरमहा लाभ मिळतो. सेफ इन इंडिया ही संस्था ऑटो पट्ट्यातल्या जखमी कामगारांसोबत काम करते. तिच्या अहवालांत बोटं जाण्याचं मोठं कारण म्हणून पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते, आणि अपघात झाल्यावर घाईघाईने ईएसआय कार्ड काढल्याचं सुद्धा. तुमच्या दोन जखमींची कार्डं कोणत्या तारखेची आहेत ते बघा. बोट तुटल्यावर माणसाला गुपचूप खासगी दवाखान्यात नेऊन पट्टी बांधायची आणि वर हजार-पाचशे हातात ठेवायचे, हा प्रकार असेल तर तो थांबवणं तुमच्या हातात आहे. आणि फर्स्ट एडवाल्याला हे शिकवा: तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बंद करून ती बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, ते खराब होतं आणि मग जोडता येत नाही.

कामाचा क्रम एकदा सलग सांगते, कारण वर बरंच फिरून आले. या आठवड्यात किल्ल्या, पेडलची झाकणं, डबल मारणाऱ्या प्रेस बंद, ईएसआयची यादी, आणि त्या मुलाशी बोलणं. महिन्याभरात प्रत्येक प्रेसचा क्लच कोणता याचा तक्ता, त्याप्रमाणे गार्ड, आणि गार्डसकट मोजलेलं टार्गेट. सुपरवायझरचं लेखी पत्र टार्गेट बदलल्याच्या दिवशीच द्यायचं, आधी नाही, नाहीतर ते कागदच राहील. पाच मिनिटांची उभी मीटिंग पहिल्या दुरुस्त्या झाल्यावर सुरू करा, म्हणजे दाखवायला काहीतरी असेल. डबल ड्यूटीचं रजिस्टरही याच महिन्यात काढा. दोन्ही अपघात शिफ्टच्या कितव्या तासाला झाले, आणि त्या माणसाची ती सलग कितवी शिफ्ट होती, एवढं बघितलंत तरी मालकांशी बोलायला बरंच हाती लागेल.

आणि मालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलीत तर सबब वाटेल. हे नीट चाललं तर पहिल्या तीन महिन्यांत निअर मिसचे आकडे वाढतील. शून्यावरून वीस-तीसवर गेलेला तक्ता बघून कुणीही दचकेल आणि ‘आधी बरं होतं’ म्हणेल. तुम्हाला बघायचंय ते वेगळंच: सांगितलेल्यातलं किती त्याच शिफ्टमध्ये दुरुस्त झालं, ठेकेदाराची माणसं त्यात आहेत का, आणि सुपरवायझरने स्वतःहून प्रेस किती वेळा थांबवली. तिसरा आकडा तीन महिने शून्य राहिला तर त्याला दिलेलं पत्र कुणीतरी तोंडी मागे घेतलंय असं समजा, आणि कुणी ते शोधा.

प्रेसच्या क्लचचा तक्ता झाला की इथे टाका, टनेज (प्रेसचा जोर किती टनांचा) आणि फीडिंग, म्हणजे पत्रा आत घालणं, हाताने की पट्टीने हेही लिहा. कोणत्या प्रेसवर कोणतं गार्ड बसेल ते मग एकेक करून बघू.